चवथीलाच धूर का कोंडतो?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांनी जुन्या कौलारू घराची मागची बाजू पाडून दोन वर्षांपूर्वी तिथे स्लॅबचं स्वयंपाकघर बांधलं. सासूबाईंच्या आग्रहाखातर कोपऱ्यात चूल ठेवली आणि चिऱ्यांचं धुराडं स्लॅबमधून गच्चीवर काढलं. दुसऱ्या बाजूला गॅस आणि त्यावर विजेवर चालणारी चिमणी. एरवी चूल बरी चालते, पण गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, धूर घरभर झाला. पाहुण्यांचे डोळे चुरचुरले, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसलेली माणसं उठून बाहेर गेली आणि संध्याकाळी घरात शब्दाला शब्द वाढला. नवरा म्हणतो, चूल तोडूया. सासूबाई म्हणतात, गवंड्याने धुराडं चुकवलं. गवंडी म्हणतो, पाच फूट उंची वाढवा. शेजारी म्हणतात, एक्झॉस्ट फॅन बसवा. ‘जुन्या घरात कधी असा धूर झाला नव्हता. यातलं नेमकं काय करू? की चुलीचे दिवस संपले असं सासूबाईंना एकदा सांगून टाकू?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमच्या पत्रातले तीन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले: ‘एरवी बरी चालते’. धुराडं मुळातच चुकलं असतं तर धूर रोज झाला असता. तसं होत नाही. म्हणजे गवंड्याला बोलावण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. चवथीच्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात असं काय होतं, जे इतर दिवशी होत नाही?

मला दिसतं ते असं. पाऊस, म्हणून खिडक्या बंद. सोवळ्यातला स्वयंपाक चाललेला, म्हणून मागचं दारही लोटलेलं. चुलीवर खतखतं आणि भात, त्याच वेळी गॅसवर नेवऱ्यांची कढई, म्हणून चिमणी सर्वांत मोठ्या वेगावर. सरपण श्रावणातलं, दमट. आणि खोलीत चार-पाच बायका, म्हणजे चूल पेटल्यावर ती नीट धरते की नाही हे बघायला कोणालाच सवड नाही. यातली एखादी गोष्ट चुलीने सोसली असती. सगळ्या एकाच दिवशी जुळून आल्या.

धुराडं आपल्या अंगच्या बळावर धूर ओढतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तापलेला धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. बाहेरची जड हवा खालून आत शिरते आणि त्याला वर ढकलते. ढकलणारी हवा आत आलीच नाही तर धुराला वर जायचं कारण उरत नाही. हा रेटा फार लहान असतो. बारा फूट उंचीच्या धुराड्यात धूर चांगला तापलेला असला तरी तो जेमतेम मिलिमीटरभर पाण्याच्या दाबाएवढा भरतो.

आता त्याच्यासमोर गॅसवरची चिमणी ठेवा. घरगुती चिमणीच्या खोक्यावर तासाला १००० ते १२०० घनमीटर हवा ओढण्याची क्षमता छापलेली असते. नळीच्या वळणांमुळे प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते, म्हणून निम्मी धरू. बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत साधारण ४० घनमीटर हवा असते. म्हणजे ती चिमणी तुमच्या खोलीतली सगळी हवा तासाला बारा वेळा बाहेर फेकू पाहते. दारं-खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा येणार कुठून? घराला उरलेली एकच मोठी वाट म्हणजे चुलीचं धुराडं. तिथून हवा खाली येते आणि धूर सोबत घेऊन येते. सासूबाई चुलीत फुंकणी घालून जीव तोडून फुंकत असतात, आणि पाच हातांवरचं यंत्र तोच धूर खाली ओढत असतं. (तुमच्या चिमणीची नळी भिंतीबाहेर काढलेली आहे असं मी धरलं आहे. हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी असेल, तर हा आरोप तिच्यावर येत नाही.)

म्हणूनच एक्झॉस्ट फॅनचा सल्ला मुळीच ऐकू नका. खोलीतून हवा काढणारं आणखी एक यंत्र बसवलंत तर धुराडं आणखी उलटं चालेल. खोलीतला धूर पंख्याने जाईलही, पण तो आधी सासूबाईंच्या नाकातोंडातून जाईल.

जुन्या घराबद्दलही थोडं सांगते. तिथे धूर होत नव्हता, ही आठवण पूर्ण खरी नाही. त्या घराचे वासे आणि रिपा आठवून बघा, काजळीने काळ्याकुट्ट झालेल्या असतील. धूर भरपूर होता, पण तो डोक्याच्या वर राहायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू झिरपून जायचा. हवा खालून दाराच्या फटीतून, गजांच्या उघड्या खिडकीतून हवी तेवढी यायची. सगळं घरच धुराडं होतं. नव्या घरात तुम्ही वर स्लॅब घातला आणि खिडक्यांना रबरी पट्टीच्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या. घर पावसापासून, धुळीपासून, पालींपासून छान बंद झालं, आणि चुलीची हवाही बंद झाली. यात गवंड्याचा दोष थोडा आहे, तुमचा नाही, सासूबाईंचा तर नाहीच. बाहेर जाण्याची वाट सगळ्यांनी बांधली, आत येण्याची कोणाला आठवली नाही.

पण माझ्या शब्दावर विसंबून भिंत फोडू नका, आधी खात्री करा. एखाद्या मोकळ्या सकाळी, वारा पडलेला असताना, चवथीची परिस्थिती मुद्दाम घडवून आणा. दारं-खिडक्या सगळी बंद. चुलीत कोरडी, बारीक फोडलेली लाकडं पेटवा आणि जाळ धरू द्या. एक उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाच्या वरच्या काठाशी धरा. तिचा धूर सरळ चुलीत खेचला गेला तर ओढ ठीक आहे. आता गॅसवरची चिमणी मोठ्या वेगावर लावा आणि उदबत्तीकडे बघत राहा. तिची रेघ आधी डळमळेल, मग तुमच्याकडे वळेल. चिमणी बंद करा, ती परत आत वळते का बघा. पुन्हा चिमणी लावा आणि या वेळी मागचं दार चार बोटं उघडा. रेघ आत वळली तर दुखणं हवेचं आहे, धुराड्याचं नाही. नवऱ्याला आणि सासूबाईंना दोघांनाही बाजूला उभं करून हे करा. तुम्ही कितीही समजावलंत तरी त्या उदबत्तीइतकं कोणाला पटणार नाही. प्रयोग लांबवू नका. कोणाचं डोकं जड झालं तर सगळं उघडून बाहेर पडा.

दार उघडूनही फरक पडला नाही, तर मात्र वर बघायला हवं. धुराड्याच्या तोंडावर पाखरं शिरू नयेत म्हणून जाळी लावलेली असते, आणि ती वर्ष-दीड वर्षात काजळीने बुजते. पाऊस आत येऊ नये म्हणून ठेवलेली फरशी किंवा टोपी फार खाली बसवलेली असते. टोपी आणि तोंड यांच्यात निदान धुराड्याच्या रुंदीइतकं अंतर हवं. पाखरांची घरटी आणि गांधीलमाश्यांची पोळी हेही नेहमीचं आहे. काजळीचा डांबरासारखा चिकट थर आत जमत जातो. त्याने वाट अरुंद होते, आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला तर तो थरच पेट घेतो. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, दोरीला काथ्याचा घट्ट बोळा बांधून धुराडं वरून खालपर्यंत घासून घ्या.

गवंड्याचं पाच फूट वाढवण्याचं म्हणणं मोजमाप न करता मान्य करू नका आणि झिडकारूही नका. धुराडं स्लॅबच्या वर किमान तीन फूट हवं. शिवाय दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, शेजारचा कठडा, त्याच्यापेक्षा किमान दोन फूट वर हवं. नाहीतर त्या अडथळ्यावरून खाली वळणारा वारा धुराड्यात घुसतो. हे मोजायला टेप आणि दहा मिनिटं पुरतात. माप भरत असेल तर पाच फूट चिरे चढवण्यात पैसे घालू नका. चिरा सच्छिद्र असतो, आपल्याकडच्या पावसात तो महिनोन्महिने ओला राहतो, आणि ओल्या उंच धुराड्यात धूर वर पोचेपर्यंत निवतो. निवलेला धूर चढत नाही. वाढवायचंच ठरलं तर बाहेरून गिलावा करून मगच वाढवा.

वाऱ्याची ओळख करून घेतलीत तर निम्मं काम होतं. पेडण्यासारख्या समुद्रालगतच्या तालुक्यात उन्हाळ्यात दुपारी वारा समुद्राकडून येतो, पहाटे बऱ्याचदा जमिनीकडून. पावसाळ्यात तो पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून. हवा आत घ्यायची ती वारा येतो त्या बाजूच्या दारा-खिडकीतून. वाऱ्याच्या आडोशाला असलेली खिडकी उघडली तर ती उलट आतलीच हवा ओढून घेते आणि धूर वाढतो. ‘खिडकी उघडली तरी धूर जात नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच घरांत नेमकी चुकीच्या बाजूची खिडकी उघडलेली असते. गच्चीच्या जिन्याचं दारही बघा. स्लॅब दिवसभर तापतो, संध्याकाळी घरातली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते आणि उघड्या जिन्यातून ती वर निघून जाते. मग जिना हेच तुमच्या चुलीच्या धुराड्यापेक्षा मोठं धुराडं ठरतं. चूल पेटलेली असताना ते दार लावून घ्या.

पावसाळी सकाळी धुराडं थंड आणि दमट असतं, त्यात जड हवा बसून राहिलेली असते. थेट लाकडं पेटवली की पहिला सगळा धूर तोंडावर येतो. आधी वर्तमानपत्राचा एक पान-दोन पानांचा सैल बोळा किंवा वाळक्या झावळीचं टोक पेटवून धुराड्याच्या गळ्याशी धरा. एकदा ‘हूं’ असा आवाज आला की ओढ सुरू झाली. त्यानंतर चूल पेटवा.

सरपणाच्या बाबतीत सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण नव्या घरात लाकडं ठेवायला जागा कुठे केली आहे, हे मला तुम्हाला विचारायचं आहे. बहुतेक नव्या घरांत ती केलेलीच नसते, मग लाकडं कंपाउंडच्या भिंतीशी प्लॅस्टिकखाली पडतात आणि घामेजतात. एक किलो लाकडात पाव किलो पाणी असेल तर ते पाणी नुसतं वाफ करून उडवायला लागणाऱ्या उष्णतेत सुमारे दोन लिटर पाणी उकळीला आलं असतं. तेवढी आच भांड्याला लागत नाही, धुराड्यालाही मिळत नाही, आणि थंड धूर खोलीत लोळतो. चवथीसाठीची लाकडं एप्रिल-मेमध्येच बारीक फोडून, छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर वेगळी रचून ठेवा आणि त्यांना पाऊसभर हात लावू नका. करवंट्या उत्तम जळतात. नारळाची सोडणं खडखडीत वाळलेली असतील तरच घाला. काजूच्या बियांची टरफलं मात्र कधीही घालू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला जहाल झोंबतो, कातडीवरही उठतो.

आता कायमचा उपाय. चुलीला स्वतःची हवा द्या. चुलीजवळच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, धुराड्याच्या आतल्या पोकळीएवढं तरी भोक पाडून घ्या. धुराडं सहा इंची गोल असेल तर भोकही सहा इंची. त्यात लोखंडी किंवा सिमेंटची नळी बसवा. आचेजवळ प्लॅस्टिकची नळी नको. बाहेरचं टोक खाली वळवा म्हणजे पाऊस येणार नाही, आणि त्याला मजबूत जाळी लावा. आपल्याकडे उंदीर आणि त्यामागोमाग साप याच वाटेने येतात. जाळीने वाट थोडी अरुंद होते, म्हणून भोक एक माप मोठंच ठेवलेलं बरं. आतल्या टोकाला सरकतं झाकण ठेवा, चूल विझली की बंद करायला. नळीचं तोंड चुलीच्या बाजूला यावं, थेट जाळावर नको, नाहीतर ठिणग्या आणि राख बाहेर उडेल. खर्चाच्या मानाने हे काम पाच फूट चिरे चढवण्यापेक्षा बरंच हलकं आहे.

हे भोक चुलीपुरतं आहे, दोन्ही यंत्रणांना पुरणार नाही. चूल आणि चिमणी एकाच वेळी चालवायची असेल तर गॅसजवळची एक खिडकी वीतभर उघडी ठेवाच, म्हणजे चिमणी तिची हवा तिथून घेईल. चूल पेटवताना आणि ती विझत आलेली असताना चिमणी बंद किंवा अगदी कमी वेगावर ठेवा, कारण त्या दोन वेळांना धुराड्याचा रेटा सर्वांत दुबळा असतो. निखारे उरलेले असताना तर विशेष जपा. निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. निखारे जिवंत असताना खोली बंद करून तिथे कोणी झोपू नये. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावलेला असेल तर तिथेही हाच धोका आहे. या सदराच्या सगळ्या वाचकांनी आपल्या न्हाणीची झडप उघडी आहे ना, हे आजच बघून घ्यावं.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न. चुलीचे दिवस संपले हे सांगावं का? ताई, मला वाटतं चवथीच्या धुराच्या जोरावर हा निर्णय घेऊ नये. धूर हा हवेचा बिघाड आहे आणि तो दुरुस्त होतो. घरात चूल असावी की नाही हा प्रश्न निराळा. दोन्ही एकत्र आले की नवऱ्याचं ‘तोडूया’ सासूबाईंना आपल्यालाच उद्देशून वाटतं, आणि मग त्या धुराड्यासाठी भांडत नसतात, नव्या घरातल्या आपल्या जागेसाठी भांडत असतात. नव्या घरात त्यांनी स्वतःहून मागितलेली गोष्ट कोणती? तुमच्या पत्रात मला चूल ही एकच दिसली.

तरीही एक बाजू मी झाकून ठेवणार नाही. चांगली ओढ असलेली चूलसुद्धा थोडा धूर घरात सोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. घरात कोणाला दमा असेल, तान्हं मूल असेल, किंवा सासूबाईंचा खोकला पावसाळा संपला तरी हटत नसेल, तर माझा सल्ला बदलतो. तेव्हा चूल आतून काढून मागच्या पडवीत, दोन बाजूंनी उघड्या जागेत न्यावी. चूल राहते, भाताची चव राहते, धूर घरात येत नाही. नवं बांधकाम करू पाहणाऱ्या वाचकांनी तर पहिल्यापासूनच चुलीची जागा पडवीत धरावी, असं मी आग्रहाने सांगेन. खोकला असेल तर आधी डॉक्टरांकडे छाती तपासून घ्या, त्यासाठी चवथीची वाट बघू नका.

खोलीतच ठेवायची ठरली तर पावसाआधी भोक पाडून घ्या. गवंडी येईल तेव्हा जागा सासूबाईंना दाखवू द्या. पाट कुठल्या बाजूला असतो, लाकूड कुठून सारतात, वैलावरचं भांडं कुठल्या हाताने उतरवतात, हे त्यांना ठाऊक आहे, आणि पायाशी सतत वारा लागेल अशा ठिकाणी नळी आली तर पहिल्याच आठवड्यात त्या ती फडक्याने बुजवतील. नवऱ्याकडे दुसरं काम द्या: त्या भिंतीतून विजेची तार आणि पाण्याची नळी कुठून गेली आहे, ते ड्रिल लावण्याआधी त्याने शोधून खडूने रेघ मारून ठेवावी.